शर्यतवाल्यांचे हँडल आणि आपली मान

“डॉक्टरकाका, शर्टाचं बटण लागत नाही.”

एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा असे सांगतो, तेव्हा डॉक्टरने हातातले पेन खाली ठेवून ऐकावे. मी ऐकले. पण तोवर महिना वाया गेला होता आणि तो माझ्याच चुकीने गेला होता. आजचा लेख त्या चुकीविषयी आहे आणि एका सायकलच्या हँडलविषयीही.

मुलगा आमच्या बुधवार पेठेतलाच. वडिलांचे तपकीर गल्लीत विजेच्या सामानाचे लहानसे दुकान आहे. आजोबांपासून हे घर माझ्याकडे येते. बारावीनंतर या मुलाला सायकलच्या शर्यतींचे वेड लागले. वडिलांनी आधी कुरकुर केली, मग हप्त्यांवर त्याला स्कूटरच्या किमतीची रेसिंग सायकल घेऊन दिली. पहाटे कात्रज नाहीतर बोपदेव घाट, रविवारी सिंहगड, आणि मग आंघोळ करून कॉलेज. गुटखा नाही, टवाळक्या नाहीत. आई-बापाने आणखी काय मागावे?

२०२६ च्या जानेवारीत १९ ते २३ तारखांना ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ती वाचकांच्या स्मरणात असेलच. देशोदेशींचे व्यावसायिक सायकलपटू मुळशी-मावळच्या आणि पुरंदर-भोरकडच्या रस्त्यांवरून भरधाव गेले. सगळे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरचे अंतर. रस्त्याच्या कडेला शाळकरी मुले झेंडे घेऊन उभी होती आणि आमचा हा मुलगाही त्यांत होता. त्या परदेशी खेळाडूंच्या सायकली त्याने डोळे भरून पाहिल्या. सीट उंच, हँडल पार खाली, पाठ टेबलासारखी सपाट. दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या सायकलचे हँडल जितके खाली जाईल तितके उतरवून घेतले.

महिन्याभराने तो मान दुखते म्हणून माझ्याकडे आला. मी मान इकडेतिकडे फिरवून पाहिली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा लावायला सांगितले आणि वर ‘मोबाइल कमी बघत जा’ असा उपदेशही केला. हल्ली मानदुखीचा तरुण आला की आम्हा डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य आपोआप निघते. सायकलचा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तो सायकल चालवतो हे मला माहीत होते. उलट त्याबद्दल त्याचे मी कौतुकच करत असे.

तीन-चार आठवड्यांनी तो बटणाची तक्रार घेऊन आला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट बधिर झालेले. परीक्षेचा पेपर लिहिताना पेन निसटते, म्हणाला. मी त्याच्या अंगठ्यात आणि तर्जनीत एक पोस्टकार्ड धरायला दिले आणि हलकेच ओढले. डाव्या हाताने त्याने ते घट्ट धरून ठेवले, उजव्यातून सहज निघाले. ते वाचवण्यासाठी अंगठ्याचे पेर मात्र दुमडले गेले. मनगटातून जाणाऱ्या अल्नर नावाच्या नसेने हातातल्या लहान स्नायूंना हुकूम देणे कमी केले की असे होते. ही नस मानेतही दबू शकते, कोपरातही आणि मनगटातही. मी मानेचा एक्स-रे काढवून घेतला. तो जवळजवळ निर्दोष आला. तेव्हा त्याची आई म्हणाली, “अहो डॉक्टर, रोज तीन-तीन तास तो त्या सायकलवर ओणवा पडून मान वर करून बसलेला असतो. त्यानं तर नसेल?”

पस्तीस वर्षे वैद्यकाशी संबंध असलेल्या माणसाला जे सुचले नाही, ते त्या माउलीला सुचले. मी त्याला सायकल घेऊन यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट कमी असताना, ती सायकल दवाखान्याच्या बाकड्याला टेकवून उभी केली. तान्ह्या मुलांच्या डोक्याचा घेर मोजायची टेप माझ्याकडे असते, तीच काढली. सीटचा माथा जमिनीपासून किती उंच ते मोजले, मग हँडलचा माथा मोजला. दोहोंत तेरा सेंटीमीटरांचा फरक होता, म्हणजे हँडल सीटपेक्षा बरेच खाली. त्याला वर बसवले. मी चाक धरले आणि वडिलांनी मागून आधार दिला. पोराचा सगळा भार दोन तळव्यांवर आला होता, कोपरे काठीसारखी ताठ होती, खांदे कानांना भिडले होते, आणि समोर बघण्यासाठी मान मागे इतकी मोडली होती की मला बघवेना. तरी तो म्हणतो कसा, “काका, त्यांचं याहून खाली असतं!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. व्यावसायिक शर्यतपटूंमध्ये हँडल सीटपेक्षा आठ-दहा सेंटीमीटर खाली असणे नित्याचे आहे. उंच, लांब हातांच्या काही खेळाडूंचे ते बारा-पंधरापर्यंतही जाते. आणि ते उगाच हौसेखातर तसे बसत नाहीत. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराच्या ताकदीपैकी ढोबळमानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक ताकद नुसती हवा कापण्यात जाते, आणि हवेला अडणारा मोठा भाग सायकलचा नसून माणसाच्या अंगाचा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती ताकद आठपट लागते. अंग आडवे केले की छाती वाऱ्यासमोरून हटते. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड या अमेरिकन खेळाडूने कोपरे जवळ घेऊन पुढे लांबवता येणारे हँडल वापरले आणि तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. १९९३ मध्ये ग्रॅम ऑब्री या स्कॉटिश माणसाने स्वतः बनवलेल्या सायकलवर हात छातीखाली दुमडून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडले आणि जागतिक विक्रम केला. (त्या सायकलमध्ये त्याने धुलाई यंत्राच्या बेअरिंग बसवल्या होत्या. आपल्याकडचा एखादा फिटरसुद्धा त्याला मानला असता.) पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्या बसण्याच्या त्या पद्धतीवर बंदी घातली. वाऱ्याशी चाललेला हा झगडा असा जुना आहे.

तर शर्यतवाला खाली वाकतो, कारण त्याचे पोट त्यावर चालते. पण तो तसा वाकू कसा शकतो, हे आमचा मुलगा विचारत नव्हता.

हाताच्या नसेचे दुखणे नेमके इथेच उगवते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. सायकलवर माणसाचा भार तीन ठिकाणी पडतो : सीट, पायडल आणि हँडल. पायाने पायडल जितके जोरात दाबावे तितके शरीर वर उचलले जाते आणि हातांवरचा भार कमी होतो. व्यावसायिक खेळाडू तासन्तास इतक्या जोराने पायडल मारतो की वाकलेला असूनही त्याचे हात हँडलवर नुसते ठेवलेले असतात, कोपरे सैल असतात. आता त्याच सायकलवर, त्याच कोनात, ताशी वीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला बसवा. पायात तेवढा जोर नसल्याने धडाचे सगळे ओझे पुढे कलंडते आणि तळव्यांवर येते. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ, दोन बारक्या हाडांमधल्या अरुंद बोळातून अल्नर नस जाते. हँडल नेमके तिथेच टेकते, आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्या ठिकाणी हातोडीचे काम करतात. या मुलाच्या हाताच्या पाठीवरची, करंगळीकडची संवेदना शाबूत होती. पाठीकडे जाणारी फांदी मनगटाच्या अलीकडेच सुटते, म्हणून दाब मनगटाशीच आहे हे तेव्हा लक्षात आले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पहिल्याच दिवशी विचारपूस नीट केली असती, तर एक्स-रेची गरज पडली नसती.

दुसरी गोष्ट ओटीपोटाच्या हाडांची. चांगला सायकलपटू कमरेच्या मणक्यातून वाकत नाही. तो खुब्यातून वाकतो, म्हणजे त्याचे ओटीपोटच पुढे झुकते आणि पाठ लांब राहते. त्यासाठी मांडीच्या मागच्या शिरा लवचिक हव्यात आणि पोटा-पाठीच्या स्नायूंत धड तोलून धरण्याचे बळ हवे. हे वर्षानुवर्षांनी येते. ते खेळाडू वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर सायकल मारतात, त्यांच्या दिमतीला मालिशवाले आणि फिजिओथेरपिस्ट असतात, आणि सायकल अंगाला बेतून देणारा तज्ज्ञ मिलिमीटरचा हिशेब ठेवतो. आपण दिवसभर खुर्चीत किंवा गादीवर बसणारी माणसे. गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरायला सांगितले तर निम्म्यांचे हात नडगीवरच थांबतात. अशा माणसाचे हँडल खाली नेले की तो खुब्यातून न वाकता पाठीचे कमान करून वाकतो, आणि कंबर धरते.

आणि त्या खेळाडूंना काहीच होत नाही, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. २०१० साली नॉर्वेच्या अभ्यासकांनी सात व्यावसायिक संघांतल्या १०९ सायकलपटूंच्या दुखण्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५८ टक्के खेळाडूंना मागच्या बारा महिन्यांत कंबरदुखीने गाठले होते. जगातले निवडक, कसलेले, रोज डॉक्टरांच्या नजरेखाली असलेले हे लोक, आणि निम्म्याहून अधिकांची कंबर दुखते. याहूनही गंभीर दुखणे आहे. जांघेतून पायाकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी, वाकलेल्या खुब्यात लाखो वेळा दुमडली गेल्याने, काही सायकलपटूंमध्ये आतून जाड होते. मग पूर्ण जोर लावला की एका पायातले बळ अचानक जाते आणि थांबले की परत येते. एरवी हे लक्षण आम्ही साठीच्या विडी ओढणाऱ्या पेशंटमध्ये शोधतो. इटलीचा फाबिओ आरू आणि फ्रान्सची पॉलीन फेराँ-प्रेवो या दोघांवर २०१९ साली यासाठी उपचार करावे लागले. फेराँ-प्रेवो त्यातून सावरली. तिने २०२४ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक घेतले आणि २०२५ मध्ये महिलांची टूर द फ्रान्सही जिंकली. हे दुखणे केवळ खाली असलेल्या हँडलने होते असे म्हणता येणार नाही, पण खुब्याचा कोन जितका मिटतो तितकी रोहिणी अधिक मुडपते, एवढे खरे.

आता एक नाजूक गोष्ट. घरात सगळ्यांसमोर वर्तमानपत्र वाचले जाते याची मला जाणीव आहे, पण आरोग्याच्या सदरात हे टाळले तर सदराचा उपयोग काय?

टेप गुंडाळून ठेवत होतो तेव्हा मुलगा आईला म्हणाला, “तू हो पुढे, मी येतो.” ती गेल्यावर खाली मान घालून त्याने सांगितले, की दोन महिन्यांपासून सायकलवरून उतरल्यावर गुप्तांग बधिर असते, कधी तासभर, कधी संध्याकाळपर्यंत. मित्राला विचारावे तर हसेल, वडिलांना सांगावे तर सायकल विकतील. “काका, माझं पुढे लग्न वगैरे...” एवढे बोलून तो थांबला. दोन महिने हे पोर एकट्याने ही भीती उराशी घेऊन पहाटे घाट चढत होते.

याचे कारणही तेच. ताठ बसले की भार ढुंगणाच्या दोन हाडांवर येतो, त्यासाठीच ती हाडे आहेत. हँडल फार खाली गेले की ओटीपोट पुढे झुकते आणि भार त्या हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागावर येतो. तिथून जाणारी नस आणि रक्तवाहिन्या सीट आणि हाडाच्या मध्ये चेपल्या जातात. सीटचे नाक वर उचललेले असेल तर आणखीच. वेळीच लक्ष दिले तर बहुतेकांचे हे पूर्ण बरे होते आणि मी त्याला तसे ठामपणे सांगितले. पण बधिरपणा हा सायकलचा नेहमीचा भाग आहे, सगळ्यांनाच होतो, असे जे तरुण एकमेकांना सांगतात ते बरोबर नाही. बधिरपणा म्हणजे नसेची तक्रार, आणि तिच्याकडे त्याच आठवड्यात लक्ष द्यावे. स्त्रियांनाही हा त्रास होतो, सूज येते, जखमा होतात. त्या तर कुणालाच सांगत नाहीत आणि मुकाट सायकल सोडून देतात.

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात, पुणे हे सायकलींचे शहर होते. तासाच्या भाड्याने सायकल मिळे आणि आम्ही दांडीखालून पाय घालून शिकलो. त्या काळ्या, जड सायकलींचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असे. दुकानदार शिकलेला नसे, पण गिऱ्हाइकाला उभे करून माप घेई. कोपर सीटच्या टोकाला लावून बोटे हँडलला टेकतात का, हे आधी बघायचा. माप ढोबळ होते, तरी माणसाकडे बघून सायकल लावायची, एवढे त्याला कळत होते. आज लाखभर रुपयांची सायकल विकताना गिऱ्हाइकाची नुसती उंची विचारतात आणि कागदावरचा आकडा बघून फ्रेम काढून देतात. काही ठिकाणी नीट माप घेतात, हे मान्य. पुण्यात तशी सोय आता पैसे मोजून मिळते. पण तालुक्याच्या गावात ज्याने शर्यतीची सायकल मागवली, त्याने काय करावे?

त्याने निदान एक करावे. पुढच्या चाकाची जी नळी वर येते, तिच्यावर वॉशरसारख्या चकत्या असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. त्या काढल्या की हँडल खाली येते. सुरुवातीला सगळ्या चकत्या खालीच राहू द्याव्यात आणि ती नळी कुणालाही कापू देऊ नये. एकदा कापली की हँडल पुन्हा वर नेणे अवघड होते. आमच्या मुलाने नेमके हेच करून ठेवले होते. ‘नळी वर उरलेली वाईट दिसते’ म्हणून दुकानात ती कापून घेतली होती. शेवटी ओळखीच्या एका मेकॅनिकने वर वळलेला, आखूड जुना स्टेम शोधून बसवला. त्याने तेराचे आठ झाले. सीटचे वर गेलेले नाक सपाट केले. हँडलला जाड पट्टी गुंडाळली. टायरमधली हवाही थोडी उतरवली, कारण दगडासारखे टणक टायर प्रत्येक खड्डा सरळ मनगटात पोचवते.

बधिरपणा खालचा होता तो आठवड्याभरात गेला. बोटांना मात्र दहा-अकरा आठवडे लागले आणि पोस्टकार्ड घट्ट धरता यायला त्याहून थोडे जास्त. नस सावकाश बरी होते, गोळ्यांनी तिला घाई करता येत नाही. त्याला मी तीन आठवडे सायकल पूर्ण बंद ठेवायला लावली. मग हात पालटत राहायचे, दर दहा मिनिटांनी उभे राहून पायडल मारायचे. मानेचा पट्टा मी स्वतःच्या हाताने काढून घेतला. त्याची गरज पहिल्यापासून नव्हती.

मित्र हसले, हे सांगायला नको. ‘आजोबांची सायकल’ असे नाव पडले. तरुण मुलाला नसेच्या दुखण्यापेक्षा हे अधिक लागते, याची टिंगल आपण मोठ्यांनी करू नये. त्याला मी एक हिशेब सांगितला. घाटात तो ताशी दहा-बाराने चढतो. त्या वेगात वाऱ्याचा विरोध अगदी थोडा. तिथे भांडण चढाशी आणि स्वतःच्या वजनाशी असते. हँडल खाली नेऊन घाटात काही मिळत नाही. सपाटीवर मिळेल, पण तेव्हाच, जेव्हा खालच्या वाकड्या मुठी धरून तो कोपरे दुमडून अर्धा तास राहू शकेल. आधीच्या हँडलवर तो खालच्या मुठी दोन मिनिटेही धरत नव्हता आणि सगळा वेळ वर हात ठेवून ताठ कोपरांनी बसत होता. म्हणजे दिसायला शर्यतवाला, आणि वाऱ्यासमोर छाती मात्र उघडीच. हँडल पाच सेंटीमीटर वर आल्यावर आता तो खालच्या मुठी धरून खरोखर वाकू लागला आहे.

लांब पल्ल्याच्या सायकलपटूंकडे पाहावे, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने पुरी केली. चौघेही डॉक्टर आहेत, याचा आमच्या व्यवसायाला जरा अभिमान वाटू द्या. त्या शर्यतीत एक दुखणे इतके ओळखीचे आहे की त्याला १९८३ मधल्या एका स्पर्धकाचे नाव पडले आहे : शर्मर नेक. दिवसरात्र मान मागे धरून धरून मानेचे स्नायू संपावर जातात, आणि डोके छातीवर पडते ते वर उचलतच नाही. मग स्पर्धक पट्ट्या बांधून डोके वर धरतात. ज्याला दहा-बारा दिवस सायकलवर काढायचे आहेत, तो हँडल किती खाली आहे याची फुशारकी मारत बसत नाही. उद्याही सायकलवर बसता येईल का, हे तो पाहतो. रविवारी सिंहगडला जाऊन सोमवारी दुकान उघडणाऱ्या माणसाची गरज याच जातीची आहे.

चाळिशी-पन्नाशीनंतर डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ म्हटल्यावर मुलाची शर्यतीची सायकल घेऊन निघणाऱ्यांना वेगळे सांगतो. मानेचे मणके झिजलेले असतील तर मान मागे मोडल्यावर नसांच्या वाटा अधिक अरुंद होतात. हातात कळ किंवा मुंग्या येणाऱ्याने खाली हँडल असलेली सायकल घेऊच नये. मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक असतात, त्यांना दाब लवकर बाधतो. पोट सुटलेले असेल तर वाकल्यावर गुडघा पोटाला लागतो आणि श्वास कोंडतो. तुमच्यासाठी हँडल सीटच्या बरोबरीने, किंवा दोन बोटे वर. त्यात कमीपणा कसला? गुडघेदुखीचे कारण बहुधा हँडल नसून सीटची उंची असते. तो विषय मोठा आहे, पुढे केव्हातरी.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. मान, मनगट किंवा कंबर घेऊन सायकलवाला आला की आपण दोनच गोष्टी करतो. गोळ्या देतो, नाहीतर सायकल बंद करायला सांगतो. दुसरे तर फार सोपे, कारण त्यात आपल्याला काही शिकावे लागत नाही. पण ज्या जिल्ह्यात मधुमेह आणि रक्तदाबाचे पेशंट घरोघरी आहेत, तिथे व्यायाम करणाऱ्या माणसाला सायकलवरून उतरवणे हा उपचार मला पटत नाही. चष्मेवाला जसा नंबर तपासल्याशिवाय डोळ्यांना दोष देत नाही, तसे आपणही सायकल पाहावी. माझ्या दवाखान्यात आता बाकड्याजवळ एका सायकलपुरती जागा मोकळी असते. कंपाउंडर वैतागतो.

परवा तो मुलगा पुन्हा आला. हात ठणठणीत आहे. एका शर्यतीत भाग घेतला, मधल्या घोळक्यात आला, त्यावर तो खूश नव्हता. विचारत होता, “काका, एक सेंटीमीटर खाली घेऊ का?” मी त्याला गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला टेकवायला सांगितले. बोटांची टोके टेकली, तळवे चार बोटे वर राहिले. खालच्या मुठी धरून सलग किती वेळ राहतोस, विचारले. म्हणाला, पंधरा मिनिटे. मी म्हटले, तळवे टेकू देत, पंधराची तीस होऊ देत, मग टेप घेऊन बसू. दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.